देवी चळवळ

दक्षिण गुजरात आणि त्याला लागून असलेल्या ठाणे, नाशिक व डांग या डोंगराळ प्रदेशांतील आदिवासींमध्ये १९२२–२३ मध्ये पसरलेली मद्यत्यागाची चळवळ. ‘सलाबाई’ नावाची देवी पूर्वेकडील डोंगरांतून आली असून दारू व ताडी सोडण्याची आज्ञा ती माणसांच्या मुखातून देत आहे, अशी श्रद्धा या चळवळीच्या मुळाशी होती. त्यावरूनच तिला हे नाव मिळाले. चोधरी, गामीत, धोडिया, कोकणा, वारली इ. जमातींच्या हजारो कुटुंबांनी काही महिन्यांच्या अवधीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले मद्यपान बंद केले. त्यांतील काहींनी ते पुन्हा सुरू केले, तर काहींनी कायमचे सोडले. कोणत्याही पुढाऱ्याने, पक्षाने अथवा सुधारणा मंडळाने या चळवळीचा आरंभ केला नव्हता. मद्यत्यागाचा इतिहास बहुधा सुशिक्षित सुधारकांची भाषणे आणि शासनाचे कायदे यांच्या आधारे लिहिला जातो. ज्यांना दारू सोडावयाची होती, त्यांनी स्वतःच तिच्याकडे नव्या दृष्टीने कसे पाहिले, हे समजण्यास देवी चळवळीइतके स्पष्ट उदाहरण पश्चिम भारतात क्वचितच आढळते.

या चळवळीचे स्वरूप कळण्यासाठी या प्रदेशातील मद्यपानाची जुनी रीत लक्षात घेतली पाहिजे. येथील मद्य मुख्यतः दोन प्रकारचे होते : डोंगराळ भागात मोहाच्या फुलांची दारू आणि सपाटीवर ताड व शिंदी या झाडांची ताडी. मोहाचा फुलोरा साधारणपणे मार्च–एप्रिलमध्ये येतो. त्याची मांसल, गोड फुले रात्री व पहाटे झाडाखाली गळून पडतात आणि ती वेचण्यास घरातील स्त्रिया व मुले उजाडण्यापूर्वीच निघतात. ही फुले वाळवून साठविता येतात, भाजून वा शिजवून खाता येतात; धान्य संपल्यानंतरच्या टंचाईच्या दिवसांत अनेक कुटुंबे त्यांवरच निभावत. त्याच झाडाच्या बियांपासून, म्हणजे टोळंबीपासून, तेल मिळे. म्हणजे मोह हे केवळ दारूचे झाड नव्हते. फुले पाण्यात भिजत घालून, काही दिवस आंबवून, मातीच्या मडक्यांच्या भट्टीवर त्यांचा अर्क काढण्याची कला घरोघरी अवगत होती. ताडीला तर भट्टीचीही आवश्यकता नसे. झाड छेदून मडके बांधले की पहाटे गोड नीरा मिळे व दिवस चढेल तशी ती आंबून ताडी होई. उन्हाळ्यात, पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या गावांतून ती पाण्याची व काही अंशी अन्नाचीही जागा घेत असे.

जन्म, सोयरीक, लग्न, मृत्यू, पेरणी व कापणी यांपैकी कोणताही प्रसंग मद्यावाचून पार पडत नसे. पिण्यापूर्वी देवांच्या व पितरांच्या नावे दारूची धार जमिनीवर सोडली जाई. पंचायतीने भांडण मिटविल्यावर दोन्ही पक्षांनी एकत्र बसून पिणे ही तडजोडीची खूण मानली जाई. स्त्री-पुरुष दोघेही पीत, आणि घरी केलेली दारू संपली की पिणेही थांबे. या व्यवस्थेचे अतिरंजित चित्र काढण्याचे कारण नाही. अतिरेक, मारहाण व आळस हे तिच्यातही होते आणि सणासुदीनंतर शेतीची कामे खोळंबत, हेही खरे. तथापि दारूसाठी कोणी कोणाच्या दाराशी जावे लागत नव्हते. दारू ही विकत घेण्याची वस्तू नव्हती, एवढा एक मुद्दा पुढील घडामोडींच्या दृष्टीने निर्णायक ठरतो.

अबकारी कायदा व त्याचे परिणाम : १८७८ चा मुंबई अबकारी कायदा हा या इतिहासातील पहिला मोठा टप्पा होय. या कायद्याने परवान्यावाचून दारू गाळण्यास मनाई झाली. विखुरलेल्या गावठी भट्ट्यांच्या जागी मध्यवर्ती भट्ट्या स्थापन करण्यात आल्या आणि तेथील दारू विकण्याचे हक्क मक्त्याने दिले जाऊ लागले. ताडीच्या झाडांवर झाडागणिक कर बसला. त्यामुळे कोकण किनाऱ्यावरील भंडारी समाजाच्या परंपरागत व्यवसायालाही मोठा धक्का बसला. १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांविषयी स्वतंत्र कायदा करण्यात आला आणि फुलांच्या संग्रहावरच निर्बंध आले. चोरून दारू गाळण्यास आळा घालणे हा त्याचा हेतू होता. परंतु जंगलातील फुले वेचून घरात साठविणे हाच जेथे उपजीविकेचा भाग होता, तेथे या कायद्याने एक साधा गृहव्यवहार गुन्ह्याच्या कक्षेत आणला. बडोदे संस्थानात व लगतच्या लहान संस्थानांतही अबकारीची व्यवस्था हळूहळू याच धर्तीवर बसविण्यात आली, कारण शेजारच्या हद्दीत दारू स्वस्त राहिली तर ब्रिटिश मुलखातील महसूल बुडत असे. पुढे अबकारी हे मुंबई सरकारच्या उत्पन्नाचे भूमिमहसुलाखालोखाल महत्त्वाचे साधन बनले. दारूचा खप कमी व्हावा असे शासन म्हणत असे. पण खप खरोखर कमी झाला तर अंदाजपत्रक कसे जुळवावे, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते.

दक्षिण गुजरातेत आणि ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात दारूची बहुसंख्य दुकाने पारशी व्यापाऱ्यांकडे होती. खेड्यात राहणारा हा दुकानदार केवळ दारू विकत नसे. तो उधारी देई, धान्य घेई, सावकारी करी आणि प्रसंगी लाकडाचा व गवताचा व्यापारही करी. कायद्यामुळे घरची दारू बंद झाल्यावर सण व विधी यांसाठी लागणारी दारू त्याच्याकडूनच आणणे भाग पडले. हाती रोख पैसा नसल्याने ती उधारीवर येई, उधारी वाढली की पीक त्याच्याकडे जाई आणि अखेर जमीन गहाण पडे. काही पिढ्यांतच अनेक दुकानदार मोठे जमीनदार झाले आणि पूर्वीचे खातेदार त्यांच्या शेतांवर मजुरी वा वेठ करू लागले. मजुरीचा काही भाग ताडीच्या रूपाने देण्याची रीतही पडली. अबकारी अधिकाऱ्यांशी व पोलिसांशी दुकानदारांचे संबंध निकटचे असल्याने चोरटी दारू पकडून देण्याचा धाक ही त्यांच्या हातातील आणखी एक काठी होती. हे चित्र संपूर्ण पारशी समाजाचे नव्हे, हे सांगणे आवश्यक आहे. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी दारूबंदी लागू करणारे मंत्री डॉ. मंचेरशा गिल्डर हे स्वतः पारशीच होते आणि त्यांनी स्वसमाजातील तीव्र विरोध पत्करून तो निर्णय अंमलात आणला. तथापि डोंगरी मुलखातील आदिवासींच्या दृष्टीने ‘पारशी’ हा शब्द दुकान, कर्ज आणि शेत या तिहींच्या धन्याचा वाचक बनला होता.

मद्याविषयी शहरांतील सुशिक्षितांचा विचार याच काळात वेगळ्या दिशेने चालला होता. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध १८८० मध्ये लेखी तक्रार केली. ब्रिटिश संसदेत सॅम्युएल स्मिथ यांनी मांडलेला, हिंदुस्थान सरकारच्या अबकारी धोरणावर टीका करणारा ठराव १८८९ मध्ये अल्प मताधिक्याने संमत झाला. त्याच सुमारास डब्ल्यू. एस. केन यांच्या पुढाकाराने अँग्लो-इंडियन टेंपरन्स ॲसोसिएशन ही संस्था निघाली व तिच्या शाखा हिंदुस्थानभर पसरल्या. १९०८ च्या उन्हाळ्यात लोकमान्य टिळकांच्या नेतृत्वाखाली पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांचे एकच प्याला हे नाटक १९१९ मध्ये रंगभूमीवर आले आणि मद्यपी म्हणजे सुधाकर ही प्रतिमा मराठी मनात पक्की झाली. या नाटकातील दारू ही एका बुद्धिमान वकिलाच्या घरात बाहेरून शिरलेली आपत्ती आहे. तिला विधी नाही, देव नाही आणि पितरही नाहीत. ज्यांच्या घरात दारू कधी नव्हतीच, त्यांना ती पतन वाटणे स्वाभाविक होते. परंतु हीच दृष्टी सुधारकांनी आदिवासींना लावली तेव्हा त्यांना डोंगरांत केवळ व्यसनी, अज्ञानी लोक दिसले. दारूच्या दुकानामागील कायदा व कर्ज मात्र त्यांच्या दृष्टीआड राहिले, निदान गौण ठरले. दक्षिण गुजरातेत उच्चवर्णीयांना ‘उजळीपरज’ व आदिवासींना ‘काळीपरज’ म्हणजे काळी प्रजा म्हणत. या नावांतच तो दृष्टिकोन सामावलेला आहे.

उगम व प्रसार : चळवळीचा उगम मद्यत्यागात नव्हता, तर रोगनिवारणात होता. १९२२ च्या आरंभी ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, आताच्या पालघर जिल्ह्याच्या भागात, कोळी वस्त्यांतून देवीच्या साथीच्या निवारणार्थ काही विधी होऊ लागले. मराठीत रोगाला व रोग आणणाऱ्या देवतेला एकच शब्द आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. देवी ‘येतात’, त्यांचा मान राखावा लागतो आणि मग त्या शांत होऊन जातात, अशी समजूत सर्वत्र होती. मान राखण्याच्या या काळात मांस व मद्य वर्ज्य असे. हे विधी किनाऱ्यावरून चढत जव्हार, पेठ, सुरगाणा, धरमपूर व डांग या भागांत पोहोचले. गावागावांतून नेताना देवीचे स्वरूप पालटत गेले. ती रोगाची देवता राहिली नाही, तर आचरणाची शिकवण देणारी देवता झाली. काही दिवसांपुरते पाळावयाचे मद्यवर्जन ही तिची कायमची आज्ञा बनली. हा पालट कोण्या एकाने केला नाही. तो वाटेवरील प्रत्येक गावाने थोडाथोडा केला, असे म्हणावे लागते. चार वर्षांपूर्वीच, १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत, मुंबई इलाख्यात अपरिमित मनुष्यहानी झाली होती. दैवी कोपाची व शुद्धीची भाषा त्या पिढीच्या कानांना परकी नव्हती.

डांगमधून ही लाट सोनगड, व्यारा, वालोड या मार्गे सुरत जिल्ह्याच्या व बडोदे संस्थानाच्या सपाट प्रदेशात उतरली. नोव्हेंबर १९२२ मध्ये वालोड तालुक्यातील खानपूर गावाजवळ सु. दोन हजार आदिवासी जमले होते. पानाफांद्यांच्या मांडवात हाती तांबडी फडकी घेऊन माध्यमे बसली, त्यांच्या अंगात आले आणि फडक्यावरून वाचीत असल्याप्रमाणे त्यांनी देवीच्या आज्ञा सांगितल्या : दारू व ताडी पिऊ नये, मांस व मासे खाऊ नयेत, स्वच्छ व साधे जीवन जगावे, पुरुषांनी दिवसातून दोनदा व स्त्रियांनी तीनदा स्नान करावे आणि पारशांशी कोणताही संबंध ठेवू नये. त्यानंतर सहभोजन होऊन लोक पांगले. माध्यमांना ‘गौला’ म्हणत व त्यांत स्त्रियाही असत. एका गावात देवी आली की शेजारच्या गावातील लोक ती पाहून जात आणि आपल्या गावी मांडव घालीत. त्यामुळे प्रचारकांवाचून, छापील पत्रकांवाचून ही चळवळ वेगाने पसरली. शासकीय अधिकाऱ्यांना तिचा कर्ता शोधूनही सापडेना, याचे कारण हेच होय.

आज्ञांचा क्रम आणि त्यांची जोडणी लक्षणीय आहे. पहिल्या चार आज्ञा कोणत्याही भक्तिपंथात शोभल्या असत्या; पाचवी मात्र तशी नाही. ती असल्यामुळे पहिल्या आज्ञेचाही अर्थ बदलतो. दारू सोडणे म्हणजे दुकानात न जाणे, उधारी न करणे आणि दुकानदाराच्या शेतावर कामाला न जाणे होय, असा अर्थ लोकांनी लावला आणि तो आचरणात आणला. दारूच्या धंद्याशी संबंध असलेल्या कोणाकडेही मजुरी करण्याचे अनेक गावांतील लोकांनी नाकारले. दुकाने ओस पडली. कोंबड्या-बकरी मिळेल त्या किंमतीला विकून टाकण्यात आली. ऐन हंगामात शेतमजूर न मिळाल्याने जमीनदार अडचणीत आले आणि अबकारी महसुलाविषयी सरकारी कचेऱ्यांत चिंता सुरू झाली. ज्या दारूची धार देवाला दिली जाई, तिच्याकडे लोक आता कर्जाची खूण म्हणून पाहू लागले. पितरांना आता काय अर्पण करावे, हा प्रश्न त्यातून निर्माण होणारच होता. त्याचे उत्तर काहींनी नारळ-अगरबत्तीत शोधले, तर काहींना ते मिळालेच नाही.

एवढा मोठा त्याग एकाएकी कसा शक्य झाला? एकट्या माणसाला दारू सोडणे कठीण होते, कारण तिच्यावाचून सोयरीक होत नसे, तंटा मिटत नसे आणि पंगतीत न पिणारा माणूस बिरादरीच्या बाहेर पडल्यासारखा होई. देवीच्या आज्ञेमुळे संपूर्ण गावाने एकाच दिवशी सोडली आणि न पिणाऱ्याऐवजी पिणाराच एकाकी पडला. शिवाय आज्ञा देवतेची असल्याने दुकानदाराशी वैयक्तिक वैर पत्करल्याचा दोष कोणावर येत नव्हता. पश्चिम व मध्य भारतात याला आधीची उदाहरणेही होती. डुंगरपूर-बांसवाडा भागातील भिल्लांमध्ये गोविंदगिरी यांनी मद्यत्याग व शुद्ध आचार यांचा उपदेश केला होता आणि १७ नोव्हेंबर १९१३ रोजी मानगढ टेकडीवर जमलेल्या त्यांच्या अनुयायांवर गोळीबार झाला होता. छोटा नागपूरमध्ये १९१४ पासून जत्रा उराँव यांच्या प्रेरणेने टाना भगत पंथ वाढला. त्यानेही मद्य व मांस वर्ज्य मानले. या चळवळींचा परस्परांशी थेट संबंध दाखविता येत नाही. परंतु सावकार, जमीनदार व दुकानदार यांच्या वाढत्या जाचात दूरदूरच्या जमातींना एकाच प्रकारचा मार्ग सुचावा, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

राष्ट्रीय चळवळीशी संबंध : सुरत जिल्ह्यातील बारडोली येथे नियोजित केलेला कायदेभंग फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरी चौरा येथील हिंसेनंतर स्थगित झाला होता आणि मार्चपासून महात्मा गांधी तुरुंगात होते. देवी सपाटीवर उतरली तेव्हा तिच्या आज्ञांत गांधींचे नाव येऊ लागले : गांधींचे नाव घ्यावे, खादी वापरावी, मुलांना राष्ट्रीय शाळेत घालावे. विहिरीत गांधी दिसल्याच्या कथाही पसरल्या. काँग्रेसच्या कार्यकर्त्यांना या चळवळीचे प्रथम आश्चर्य वाटले व नंतर आशा वाटली. अंगात येण्याच्या प्रकाराविषयी मात्र त्यांच्या मनात संकोच होता. जानेवारी १९२३ मध्ये महुवा तालुक्यातील शेखपूर येथे काळीपरज परिषद भरली. तीस वल्लभभाई पटेल व कस्तुरबा गांधी उपस्थित होत्या. कारागृहातून सुटल्यानंतर १९२५ मध्ये गांधींनी वेडछी येथील परिषदेला भेट दिली आणि ‘काळीपरज’ या तुच्छतादर्शक नावाऐवजी ‘रानीपरज’, म्हणजे रानातील प्रजा, हे नाव रूढ झाले. वेडछीच्या आश्रमात जुगतराम दवे यांनी पुढे दीर्घकाळ शिक्षणकार्य केले. काँग्रेसने मद्यत्याग व खादी उचलून धरली. पारशी जमीनदारांच्या शेतांवरील बहिष्कार मात्र तिला नको होता, कारण वर्गावर्गांत कलह माजविणारे आंदोलन तिच्या धोरणात बसत नव्हते. म्हणजे देवीच्या पाच आज्ञांपैकी चार तिने स्वीकारल्या व पाचवी बाजूला ठेवली.

पहिला आवेग ओसरल्यावर समाजात दोन तट पडले. वर्जन पाळणारे ते ‘वर्जेला’ आणि पुन्हा जुन्या रीतीकडे वळलेले ते ‘सर्जेला’. चोधरींसारख्या, स्वतःची थोडीबहुत जमीन राखून असलेल्या शेतकऱ्यांमध्ये वर्जन अधिक टिकले. ज्यांची रोजची मजुरी दुकानदार-जमीनदारावरच अवलंबून होती, त्यांना बहिष्कार फार काळ परवडणारा नव्हता. दोन्ही तटांत रोटीबेटी व्यवहार काही काळ थांबले, क्वचित एका कुटुंबातच दोन चुली झाल्या. मांसाहार सोडण्याची आज्ञा तर बहुतेकांना झेपली नाही. ज्यांच्या ताटात मासे व शिकार हीच पौष्टिक अन्नाची मुख्य साधने होती, त्यांच्यावर तिने नवी उणीव लादली होती, ही गोष्ट सर्जेला पक्षाच्या बाजूने नमूद केली पाहिजे. शिवाय स्नान व शाकाहार यांची ही पथ्ये ज्या वाणी-ब्राह्मणांच्या आचाराशी जुळत होती, त्यांनी न पिणाऱ्या आदिवासीला बरोबरीने बसवून घेतले, असेही फारसे घडले नाही.

या चळवळीच्या अर्थाविषयी अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. खालच्या मानल्या गेलेल्या गटांनी वरच्या गटांचे आचार उचलून सामाजिक पायरी वर चढण्याचा प्रयत्न करणे, या प्रक्रियेला समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी ‘संस्कृतीकरण’ ही संज्ञा दिली. देवी चळवळ हा त्याचाच एक प्रकार होय, असे काही काळ मानले जाई. सरकारी कागदपत्रे व वृद्ध आदिवासींच्या मुलाखती यांच्या आधारे डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या मताला आव्हान दिले. आदिवासींनी वाणी-ब्राह्मणांचे आचार स्वीकारले ते त्यांच्या जातिव्यवस्थेत जागा मागण्यासाठी नव्हे. ज्या आचारांत सामर्थ्य दडलेले दिसले ते हस्तगत करून दारूविक्रेत्या जमीनदारांचे वर्चस्व झुगारण्यासाठी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. उपलब्ध पुराव्याशी ते अधिक सुसंगत वाटते, कारण केवळ अनुकरण हा हेतू असता तर मजुरीवरील बहिष्काराचे प्रयोजन उरत नाही. मात्र सर्वच गावांचा हेतू एकच होता असे मानणेही कठीण आहे. रोगाच्या भयाने, शेजारच्या गावाच्या दबावाने किंवा निव्वळ कुतूहलाने मांडवात आलेलेही अनेक असणार.

खानदेशातील उत्तरकालीन चळवळी : देवीची लाट पश्चिम खानदेशापर्यंतही पोहोचली होती. त्या भागात १९३७–३८ मध्ये तळोदा तालुक्यातील (आताचा नंदुरबार जिल्हा) मोरवड येथील भिल्ल समाजातील गुला महाराज यांनी मद्यत्याग, स्नान व सामुदायिक आरती यांचा उपदेश केला. त्यांच्या आरतीला हजारो आदिवासी जमत. सर्वांना ‘आप’ असे आदराने संबोधण्याचा त्यांचा परिपाठ होता. ज्यांना गावात कोणी एकेरीवाचून हाक मारीत नसे, त्यांना या एका शब्दाचे मोल किती वाटले असेल, याची कल्पना करता येते. १९३८ मध्ये गुला महाराजांचे निधन झाल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ही परंपरा चालविली.

शासकीय दारूबंदीचे पर्व यानंतरचे आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अंमलात येऊन एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी झाली. गुजरातने ती १९६० नंतरही चालू ठेवली, महाराष्ट्राने परवाना पद्धती सैल करीत नेली. डोंगराळ भागात या कायद्याने दुकाने बंद केली, तशीच मोहाची घरगुती भट्टीही पुन्हा गुन्हा ठरविली. म्हणजे महसुलासाठी केलेला १८७८ चा कायदा आणि नीतीसाठी केलेला १९४९ चा कायदा यांचा आदिवासीच्या दाराशी येणारा शिपाई सारखाच होता. बेकायदा गाळणाऱ्यांचा व त्यांना संरक्षण देणाऱ्यांचा एक नवा वर्ग उदयास आला आणि दारू पुन्हा विकत घेण्याची वस्तू झाली.

शहादे परिसरात अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाने जागृत झालेल्या व १९७२ पासून श्रमिक संघटनेत एकत्र आलेल्या भिल्ल शेतमजुरांच्या आंदोलनात हा प्रश्न पुन्हा पुढे आला. तो या वेळी स्त्रियांनी पुढे आणला. १९७३ च्या सुमारास स्त्रियांचे जथे गावोगावच्या गुत्त्यांवर गेले व त्यांनी दारूची मडकी फोडली. १९२२ मध्ये देवीच्या मांडवात स्त्री-पुरुष एकत्र बसले होते, कारण पिणेही दोघांचे होते. पन्नास वर्षांत मद्यपान हे पुरुषांनी रोख मजुरीतून करावयाचे व्यसन झाले होते आणि त्याची किंमत घरातील स्त्रीला मोजावी लागत होती. त्यामुळे देवीचे काम आता स्त्रियांकडे आले. आंध्र प्रदेशात नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा गावातून १९९२ मध्ये सुरू झालेले अरकविरोधी आंदोलन आणि १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात झालेली दारूबंदी यांमागेही ग्रामीण व आदिवासी स्त्रियांचे मोठे बळ होते. गावातील निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनी मतदानाने कौल दिल्यास दारूचे दुकान बंद करण्याची तरतूद महाराष्ट्रात पुढे झाली. ‘आडवी बाटली’ या नावाने ती लोकांत परिचित आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू केलेली दारूबंदी मात्र २०२१ मध्ये उठविण्यात आली.

अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना मादक पदार्थांच्या विक्री-सेवनाचे नियमन करण्याचा अथवा ते बंद करण्याचा अधिकार १९९६ च्या केंद्रीय कायद्याने दिला. मोहाच्या फुलांचा संग्रह व वाहतूक यांवरील निर्बंध महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये शिथिल केले. तेव्हा १८९२ च्या कायद्याला सु. १२९ वर्षे झाली होती.